एका शिलिंगाचें जहाज

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. गांवचें देऊळ मोडकळीस आलें, नदीचा घाट खचला, वडिलार्जित वाड्याच्या तुळया वांकल्या, कीं वर्गणी गोळा होते, गवंडी-सुतार येतात, आणि वर्षा-दोन वर्षांत जुन्याचें नवें होतें. नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुन्याचा उद्धार करण्यांत पुण्य अधिक, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण या शब्दांत एक अडचण आहे, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. जीर्ण वस्तूचा उद्धार करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें? तिचें जीर्णपण काढून टाकावयाचें, कीं ती जशी आहे तशीच, आणखी न ढासळेल अशा बेतानें सांभाळावयाची? पहिल्या मार्गानें वस्तु तरुण दिसते, पण ती तीच राहिली कीं नाहीं याची शंका येते. दुसऱ्या मार्गानें ती तीच राहते, पण म्हातारी दिसते. या महिन्यांत या प्रश्नाचा विचार एका लांकडी व्यापारी जहाजाच्या कथेच्या आधारें करण्याचें योजिलें आहे. जहाज आज फार दूरच्या देशांत आहे. परंतु त्याचा जन्म आपल्याच देशांतला.

या जहाजाचें नांव ‘एडविन फॉक्स’. इ. स. १८५३ मध्यें कलकत्त्यासमोर, हुगळी नदीच्या पलीकडच्या तीरावर, सालकिया येथें तें बांधलें गेलें. साग व साल हीं दोन लांकडें त्यासाठीं वापरलीं होतीं. त्याचें माप ८३६ टनांचें, आणि डोलकाठ्या तीन. त्या काळच्या समुद्रावर अशीं व याहून मोठीं जहाजें पुष्कळच होतीं. तेव्हां ‘एडविन फॉक्स’ हें कांहीं नांवाजलेलें जहाज नव्हे. वेगाचा विक्रम त्यानें केला नाहीं, कोणतें युद्ध जिंकलें नाहीं, कोणता नवा देश शोधून काढला नाहीं. भाडें मिळेल तिकडे माल व माणसें वाहून नेणारें तें एक साधें तारूं होतें.

त्याच्या लांकडाविषयीं मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडांत जहाजें बांधण्यासाठीं ओक वृक्षाचें लांकूड वापरीत. ओकमध्यें एक प्रकारचें आम्ल असतें, त्यामुळें त्यांत ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात. सागांत तेल असतें. तें खिळ्यांस जपतें, पाणी फारसें मुरूं देत नाहीं, आणि कीडहि दूर ठेवतें. म्हणून हिंदुस्थानांत बांधलेल्या सागवानी जहाजांस त्या काळीं मोठा मान होता. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं खुद्द ब्रिटिश आरमारासाठीं अनेक युद्धनौका बांधल्या. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरांत आजहि तरंगत आहे. तिचा उल्लेख पुढें पुन्हां येणार आहे.

‘एडविन फॉक्स’च्या वाट्यास जें आयुष्य आलें, तें एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाची जणूं अनुक्रमणिकाच होय. क्रिमियाचें युद्ध चालूं असतां त्यांतून सैनिक नेण्यांत आले. पुढें १८५६ सालीं तें उतारू घेऊन मेलबर्नला गेलें. चीनच्या बंदरांतून त्यानें व्यापार केला, आणि करारानें बांधलेले चिनी मजूर क्यूबा बेटाकडे वाहून नेण्याचें दुःखदायक कामहि केलें. १८५८ सालीं शिक्षा झालेले २८० कैदी घेऊन तें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल बंदरास लागलें. इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियास कैदी नेणारीं जीं जहाजें होतीं, त्यांपैकीं आज उभें राहिलेलें हें एकच आहे. १८७३ ते १८८० या काळांत त्यानें चार फेऱ्यांत मिळून सुमारें साडेसातशें माणसें न्यूझीलंडांत वस्तीसाठीं नेलीं. त्यांतील पहिल्याच फेरींत वादळानें गांठलें, आणि फ्रान्समधील ब्रेस्ट बंदराचा आश्रय घ्यावा लागला. बायकामुलांसह पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास निघालेल्या त्या कुटुंबांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

एवढ्यांत काळ पालटला होता. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आणि आगबोटींनीं शिडाच्या जहाजांचा धंदा हळूहळू हिरावून घेतला. १८८५ सालीं ‘एडविन फॉक्स’मध्यें थंडी उत्पन्न करणारीं यंत्रें बसवून तें न्यूझीलंडच्या बंदरांत मांस गोठविण्याचें तरतें कोठार म्हणून उभें करण्यांत आलें. त्या देशाची संपत्ति मेंढ्यांवर अवलंबून होती, आणि गोठविलेलें मांस विलायतेस धाडण्याचा उद्योग १८८२ पासून नुकताच सुरू झाला होता. १८९७ च्या जानेवारींत जहाज ओढून पिक्टन या गांवीं आणलें. पिक्टन हें न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशीं, डोंगरांत खोलवर शिरलेल्या एका खाडीच्या तोंडापासून दूर, अगदीं आंतल्या बाजूस वसलेलें लहानसें बंदर आहे. तोंपर्यंत त्याच्या डोलकाठ्या, दोरखंड व आंतील बांधणी निघून गेली होती. १९०५ नंतर तें केवळ कोळसा सांठविण्याचें कोठार झालें. १९५० च्या सुमारास तेंहि काम संपलें, आणि जहाज जागच्या जागीं कुजत पडलें.

येथपर्यंतची कथा हजारों जहाजांची आहे. बहुतेकांचा शेवट असाच झाला. कोणी खडकावर फुटलें, कोणी जळलें, कोणी सरपणासाठीं मोडलें गेलें. ‘एडविन फॉक्स’ची कथा निराळी झाली ती १९६५ सालीं. कांहीं नागरिकांनीं एक मंडळ स्थापिलें, आणि तें जहाज एका शिलिंगास विकत घेतलें. एक शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग. दोनच वर्षांनीं न्यूझीलंडनें दशमान नाणीं चालू केलीं, तेव्हां त्याची किंमत दहा सेंट ठरली.

एका शिलिंगांत जहाज मिळालें, हें ऐकून कोणासहि तें फुकट मिळालें असें वाटेल. वस्तुतः त्या दिवशीं त्या मंडळानें जहाज घेतलें नाहीं, एक न फिटणारें कर्ज डोक्यावर घेतलें. कुजणाऱ्या आठशें टनांच्या लांकडी धडाचा मालक होणें म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं जुना वाडा आहे त्यास निराळें सांगावयास नको. वाड्याची किंमत कागदावर लिहिलेली असते. त्याचा खर्च पावसाळ्यागणिक लिहावा लागतो.

पुढील कालक्रम पाहण्यासारखा आहे. १९६७ सालीं जहाज पिक्टनजवळच्या, शेक्सपिअर नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका लहान उपसागरांत ओढून नेलें. तेथें तें सुमारें वीस वर्षें राहिलें. वर्गणी गोळा होत राहिली, माणसें येऊन हात लावीत राहिलीं, आणि जहाज आपल्या जागीं वाट पाहत राहिलें. नंतर तें पुन्हां तरंगतें करून पिक्टनच्या किनाऱ्यास आणलें. अखेर १८ मे १९९९ रोजीं तें त्याच्यासाठीं तयार केलेल्या गोदींत शिरलें, व दुसऱ्या दिवशीं गोदींतील पाणी काढून ती कोरडी करण्यांत आली. त्यावर छप्परहि घातलें आहे. शिलिंग देण्यापासून गोदी कोरडी होईपर्यंत चौतीस वर्षें गेलीं. ज्यांनीं उमेदीच्या वयांत या कामास आरंभ केला, ते तें पुरें होईपर्यंत म्हातारे झाले असतील; कित्येकांस तो दिवस दिसलाहि नसेल. एकाच पिढीनें सुरू करून तिनेंच संपवावें, असें हें काम नव्हतेंच.

अशा कामांत लोकांचा उत्साह कोठें असतो आणि कोठें आटतो, याचा अनुभव आपणांसहि आहे. देवळाच्या कळसासाठीं वर्गणी चटकन् मिळते. पायांत सांचणारें पाणी काढून देण्यासाठीं मिळत नाहीं. कळस दिसतो, त्यावर दात्याचें नांवहि कोरतां येतें. मोरी कोणास दिसत नाहीं. जहाजाच्या बाबतींत शिडें व डोलकाठ्या हा कळस होय. गाळ उपसणें, पाणी बाहेर टाकणें, हिशेब लिहिणें, येणाऱ्या पाहुण्यास दार उघडून देणें, हीं मोरीचीं कामें. कोणतीहि जुनी वस्तु टिकते ती या दुसऱ्या प्रकारच्या कामांनीं, आणि तीं करण्यास बहुधा विनावेतन माणसेंच पुढें यावीं लागतात, कारण त्यांचा पगार देण्यास कोणीच तयार नसतो.

लांकूड कसें मरतें, हेंहि समजून घेतलें पाहिजे. खाऱ्या पाण्यांत एक प्रकारचा मृदुकाय प्राणी लांकडास भोकें पाडून आंत राहतो. त्याच्यापासून रक्षण व्हावें म्हणून जहाजाच्या तळास धातूचे पत्रे मारीत. उलट पावसाच्या गोड्या पाण्यानें बुरशी चढते व लांकूड कुजतें. मीठ त्या कुजण्यास अडवितें. म्हणजे खालचा भाग समुद्र खातो, आणि वरचा भाग आभाळ खातें. बरें, पाण्यांतून काढून एकदम वाळविलें, तर शंभर वर्षें भिजलेलें लांकूड आकसून तडकतें. ओलें ठेवावें तर एक संकट, कोरडें ठेवावें तर दुसरें. डोक्यावर छप्पर आणि तळाशीं कोरडी गोदी, ही व्यवस्था या दोन संकटांमधून काढलेली वाट आहे. ती वाट दिसावयास साधी आहे. तिच्यासाठीं लागलेला पैसा मात्र साधा नव्हता.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. मंडळाचा पहिला संकल्प जहाज पूर्ववत् करण्याचा होता. डोलकाठ्या उभाराव्या, दोरखंड ताणावे, उतारूंच्या खोल्या पुन्हां बांधाव्या, आणि पूर्वीं जसें होतें तसें तें लोकांपुढें ठेवावें, अशी योजना होती. ती पुढें सोडून देण्यांत आली. एक कारण उघड होतें: तेवढा पैसा नव्हता. पण दुसरें कारण विचार करण्यासारखें आहे. लांकडी व्यापारी जहाजांचीं मूळचीं धडें जगांत इतकीं थोडीं उरलीं आहेत, कीं त्यांतील एकाच्या फळ्या व फासळ्या काढून त्या जागीं नव्या घालणें योग्य नव्हे, असा निर्णय झाला. जहाज पूर्ववत् करावयाचें तर त्याचा फार मोठा भाग बदलावा लागला असता. मग उरलें असतें तें ‘एडविन फॉक्स’चें चित्र, ‘एडविन फॉक्स’ नव्हे.

हा निर्णय सोपा नसावा. शिडें फडफडतांना पाहण्याच्या आशेनें ज्यांनीं पैसा दिला, त्यांस उघडें, काळवंडलेलें धड दाखवून ‘हेंच खरें’ असें सांगणें धैर्याचें काम आहे. दात्यास दिलेला शब्द मोडला, असा आक्षेप कोणीं घेतला तर त्यांतहि तथ्य आहे. परंतु दान कोणासाठीं दिलें होतें, हें पाहिलें पाहिजे. तें जहाजासाठीं दिलें होतें. जहाज वांचविण्यासाठीं जमविलेल्या पैशानें जहाजच नाहींसें करणें, हा दात्याचा अधिक मोठा अपराध झाला असता.

वस्तूचे सर्व अवयव बदलल्यावर ती तीच राहते काय, हा वाद फार प्राचीन आहे. प्लुटार्क नांवाच्या ग्रीक चरित्रकारानें लिहिलें आहे कीं, अथेन्सच्या लोकांनीं थीसियस राजाचें जहाज जपून ठेवलें होतें; जी फळी कुजे ती काढून ते नवी बसवीत, आणि तत्त्वज्ञ त्यावरून वाद घालीत. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पालि ग्रंथांत नागसेन भिक्षु व मिलिंद राजा यांचा रथाविषयींचा संवाद आहे. आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें विचारीत नागसेन राजास दाखवून देतो कीं, ‘रथ’ हें अवयवांच्या समुदायास दिलेलें व्यवहारांतलें नांव आहे. त्या न्यायानें पाहिलें तर नव्या फळ्यांच्या जहाजासहि जुनें नांव द्यावयास हरकत नाहीं.

याहून मोठें उदाहरण जगन्नाथपुरीचें आहे. तेथील देवांच्या मूर्ति लांकडी आहेत. ज्या वर्षीं अधिक आषाढ येतो, अशा ठराविक वर्षीं नवकलेवराचा विधि होतो. कडुनिंबाच्या लांकडाच्या नव्या मूर्ति घडवितात, जुन्यांतील गूढ ब्रह्मपदार्थ त्यांत ठेवितात, आणि जुन्या मूर्तींस मंदिराच्या आवारांतच भूमींत विसर्जन देतात. १९९६ सालीं व त्यानंतर २०१५ सालीं हा विधि झाला. लांकूड नवें, पण देव तोच. तेव्हां कोणी विचारील कीं, देवाचें शरीर जर बदलतां येतें, तर जहाजाचें कां बदलूं नये?

याचें उत्तर वस्तूच्या प्रयोजनांत आहे, असें आम्हांस वाटतें. मूर्ति ही उपासनेसाठीं आहे. तिचें सातत्य लांकडांत नसून भक्तांच्या श्रद्धेंत व पूजेच्या अखंड परंपरेंत आहे. म्हणून तिला नवें कलेवर चालतें. जुनें जहाज हें साक्षीदार आहे. कैद्यांच्या पायांखालची फळी हीच, उतारूंचीं मुलें ज्या तुळईखालीं निजलीं ती तुळई हीच, सालकियाच्या सुतारानें तासणी चालविली ती या लांकडावर, एवढेंच त्याचें सांगणें आहे. नव्या फळीस हें सांगतां येत नाहीं. साक्षीदाराच्या जागीं त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस उभा केला, तर न्यायाधीश त्याची साक्ष घेणार नाहीं, मग त्याचा पोषाख कितीहि हुबेहूब असो.

पोथीचेंहि असेंच आहे. पोथी जीर्ण झाली कीं तिची नक्कल करून ठेवावी. तेवढ्यानें ग्रंथ वांचतो. परंतु नक्कल झाली म्हणून मूळ पोथी गंगार्पण केली, तर लेखकाचें वळण, समासांतील टिपा, कागद, शाई, खोडलेलीं अक्षरें हें सर्व गेलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्था हजारों हस्तलिखितें जपतात तीं यासाठींच. संहिता छापून निघाली तरी पोथीचें काम संपत नाहीं.

याचा अर्थ नवें लांकूड कधींच घालूं नये, असा मात्र नव्हे. मुंबईच्या ‘ट्रिंकोमाली’चा उल्लेख वर केलाच आहे. १९९० पासून २००१ पर्यंत तिची डागडुजी चालली, आणि आज ती डोलकाठ्यांसह पूर्वीच्या रूपांत उभी आहे. तिच्या मूळच्या सागाचा मोठा भाग शाबूत होता व ती तरंगत होती. म्हणून तिला अवयव जोडतां आले, धड बदलावें लागलें नाहीं. वैद्य जसा रोग्याची प्रकृति पाहून औषध ठरवितो, तसें हें आहे. एकीला जें पथ्य तें दुसरीला कुपथ्य होईल. वैद्याच्या हातीं मात्र एक गोष्ट नेहमीं असावी: कोठें थांबावें याची जाण.

आणखी एक शंका कांहीं वाचकांच्या मनांत आली असेल. कैदी, करारांत अडकलेले मजूर व युद्धावरचे सैनिक वाहणाऱ्या जहाजाचें एवढें कौतुक कशाला? असलें स्मारक पुसलेलेंच बरें, असेंहि कोणी म्हणेल. आमचें मत याउलट आहे. राजेरजवाड्यांच्या वस्तु राखणारे पुष्कळ मिळतात. ज्यांचीं नांवें ताम्रपटावर गेलीं नाहींत, त्या कैद्याची, त्या मजुराची व त्या निर्वासाला निघालेल्या आईची आठवण राखणारें असें कितीसें उरलें आहे? शिवाय ज्या सुतारांनीं हें जहाज घडविलें त्यांचीं नांवें आपण जाणत नाहीं. त्यांची सही म्हणून त्यांच्या हातचें कामच तेवढें शिल्लक आहे. कोंकणच्या बंदरांतून मलबार व काठेवाडपर्यंत जाणाऱ्या आपल्या फत्तेमाऱ्या आणि मचवेहि असेच साधे होते. साधे म्हणूनच ते कोणास जपावेसे वाटले नाहींत. साध्या वस्तु पुष्कळ असतात तोंवर त्यांची किंमत नसते. आणि किंमत कळते तेव्हां शेवटचीच उरलेली असते.

आतां आपल्या घराकडे वळूं. गेल्या कांहीं दशकांत आपल्या कित्येक गांवांत देवळांचे लांकडी सभामंडप उतरवून त्या जागीं सिमेंटचे मंडप झाले. हेतु चांगला होता, वर्गणीहि मनापासून दिली गेली. जुने कोरीव खांब मात्र कोठें गेले, हें पुष्कळ ठिकाणीं आतां सांगतां येत नाहीं. वाड्यांतील खांबांवर तेलरंगाचे थर चढून कोरीव काम बुजलें. हें सर्व जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं झालें. यांत दोष कोणा एकाचा नाहीं. आपण नवें करणें यालाच उद्धार समजत आलों, एवढेंच.

म्हणून पुढच्या वेळीं घरांत किंवा गांवांत जीर्णोद्धाराची गोष्ट निघेल, तेव्हां वर्गणीचा आंकडा लिहिण्यापूर्वीं तीन प्रश्न वडीलमंडळींनीं एकत्र बसून विचारावे. या वस्तूंत मूळचें काय उरलें आहे, आणि त्यांतील कशास हात लावावयाचा नाहीं? तिला आणखी बिघडविणारें पाणी कोठून येतें, आणि तें प्रथम कसें थांबवावें? आणि समारंभ आटोपल्यावर, हार सुकल्यावर, दर आठवड्यास ती झाडणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांस जाणता सुतार व गवंडी उत्तर देतील. तिसऱ्याचें उत्तर घरांतूनच आलें पाहिजे. तें मिळत असेल तर थोड्या पैशांतहि काम तडीस जातें. मिळत नसेल तर लाखांची वर्गणीहि पुरणार नाहीं. घरांतील मुलांस सुट्टींत या कामाचा एखादा लहानसा भाग नेमून द्यावा. पिक्टनच्या लोकांनीं चौतीस वर्षें धीर धरला, तो मागून येणारे हात मिळत गेले म्हणून.